हर-टू आणि ईजीएफआरच्या अँटीबॉडी : स्लाइडवरच्या तपकिरी रंगावर कधी विश्वास ठेवायचा?

मायक्रोटोम (धागाकर्ती)

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये 'हर-टू' या शब्दापुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. त्या एका आकड्यावर पुढचं औषध ठरतं. मी नाशिकमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कापणं, स्लाइडवर अँटीबॉडी लावणं, कंट्रोल बघणं हे माझं रोजचं काम. निदान पॅथॉलॉजिस्ट करतात, मी नाही. पण ज्या रंगावरून तो आकडा काढतात तो रंग कसा येतो आणि कुठे फसवतो, हे मी जवळून बघते. मराठीत यावर फार कमी वाचायला मिळतं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी रिसेप्टरबद्दल, कारण हर-टू हा एक रिसेप्टर आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन. काही भाग बाहेर, एक छोटा तुकडा आवरणात आणि शेपूट आत. बाहेरून वाढीचा निरोप आणणारा रेणू चिकटला की दोन रिसेप्टर जोडीनं एकत्र येतात, आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढतात आणि पेशीत विभाजनाचे संकेत सुरू होतात. ईजीएफआर, हर-टू, हर-थ्री आणि हर-फोर हे चौघे एकाच घराण्यातले. हर-टूचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतं. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशीचं आवरण हर-टूनं भरून जातं. अशा गाठी जास्त आक्रमक असतात, हे डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत ते सप्टेंबर १९९८ मध्ये मंजूर झालं आणि रुग्ण निवडण्यासाठीची अँटीबॉडी चाचणीही त्याच्यासोबतच मंजूर झाली. औषधाइतकंच चाचणीला महत्त्व आहे, हे तेव्हापासूनच मान्य आहे.

आता अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारं प्रथिन. ती अख्खा रिसेप्टर ओळखत नाही. त्याच्यावरची अमिनो आम्लांची एक छोटी जागा ओळखते, तिला एपिटोप म्हणतात. कुंभमेळ्यात रामकुंडावरच्या गर्दीत माणसाला नुसत्या फेट्यावरून शोधण्यासारखं हे आहे. त्यानं फेटा काढला तर तो समोर असूनही सापडत नाही, आणि तसाच फेटा दुसऱ्यानं बांधला असेल तर आपण भलत्याचाच हात धरतो. स्लाइडवर दोन्ही घडतं. तुकडा टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे एपिटोप झाकला गेला की रिसेप्टर असून दिसत नाही. दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर तशीच जागा असली की रिसेप्टर नसताना रंग येतो.

आणि तो तपकिरी रंग रिसेप्टरचा नसतोच. तीन-चार मायक्रॉनचा काप स्लाइडवर घेतो, मेण काढतो, बफरमध्ये उकळून झाकलेले एपिटोप मोकळे करतो (बऱ्याच लॅबमध्ये त्यासाठी साधा प्रेशर कुकर वापरतात). मग हर-टूची अँटीबॉडी, तिच्यावर दुसरी अँटीबॉडी, तिला जोडलेलं पेरॉक्सिडेज एन्झाइम आणि शेवटी डॅब नावाचं रसायन. एन्झाइम डॅबवर काम करतं तेव्हा तपकिरी रंग पडतो. या साखळीत कुठेही गडबड झाली तरी दिसतो तो रंगच, किंवा रंगाचा अभाव. तांबड्या रक्तपेशींमध्ये स्वतःची पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते. ती हायड्रोजन पेरॉक्साइडनं आधी थांबवली नाही तर अँटीबॉडी न लावताही स्लाइड तपकिरी होते.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट लॅबच्या दाराबाहेर घडते. गाठ शरीरातून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रथिनं खराब व्हायला लागतात. मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. तुकडा एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मॅलिन दहा टक्क्यांचं आणि न्यूट्रल बफर्ड हवं, तुकड्याच्या निदान दहापट हवं. त्यात तो कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. फॉर्मॅलिन आत शिरतं ते ताशी जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून अख्खा स्तन काढलेला असेल तर त्याला काप न देता बरणीत टाकलं की बाहेरची कड पक्की होते आणि मधली गाठ कच्ची राहते. अशा ब्लॉकवर कडेला रंग उत्तम आणि मध्ये फिका येतो. मग आकडा कुठल्या भागावरून द्यायचा?

आपल्या जिल्ह्यात ही वेळ पाळणं सोपं नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, मालेगाव या भागांतून नमुने नाशकात येतात. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं, रविवारी सुट्टी, बरणी सोमवारी एसटीच्या पार्सलनं किंवा नातेवाइकाच्या पिशवीतून पोचते. तोवर ७२ तासांची मर्यादा जवळ आलेली असते, आणि बरणीवर तारीख सोडून काही लिहिलेलं नसतं. तुकडा काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, एवढ्या दोन ओळी बरणीच्या चिठ्ठीवर आल्या तर आमचं निम्मं कोडं सुटतं. नुसत्या सलाइनमध्ये आलेले तुकडेही मी बघितले आहेत. त्यांच्यावर कितीही महागडी अँटीबॉडी लावा, गेलेलं प्रथिन परत येत नाही.

दुसरी गोष्ट कंट्रोल. रुग्णाच्या तुकड्याशेजारी, त्याच स्लाइडवर, आधीपासून माहीत असलेले तुकडे ठेवायचे : एक ३+, एक मधला, एक निगेटिव्ह. सगळ्यांनी एकच उकळी, एकच अँटीबॉडी, एकच डॅब घेतलेला असतो. ३+ चा तुकडा गडद आला, निगेटिव्ह स्वच्छ राहिला आणि मधला मधलाच राहिला, तर रुग्णाच्या तुकड्यावरच्या रंगाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क मिळतो. मधला तुकडा फार मोलाचा आहे. ३+ इतका जोरदार असतो की अँटीबॉडी अर्धी मेलेली असली तरी तो रंगतो. ढासळ आधी मधल्या तुकड्यावर दिसते. शिवाय रुग्णाच्याच तुकड्यात शेजारी निरोगी नलिका असतील तर त्या बघाव्या. त्याही गडद तपकिरी झाल्या असतील तर सगळा रंग संशयास्पद.

प्रश्न विचारा. जमेल तेवढी उत्तरं देईन. औषधाचा सल्ला मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

निफाडकर

ताई, फार गरजेच्या वेळी धागा आला. आईचं ऑपरेशन झालंय, रिपोर्टमध्ये हर-टू २+ आहे आणि 'फिश करावी' असं लिहिलंय. घरात सगळे विचारतात की एवढे पैसे घालून तपासणी केली तरी नक्की सांगता येत नाही म्हणजे काय? लॅब बदलावी का?

मायक्रोटोम

दादा, २+ म्हणजे लॅब चुकली असं अजिबात नाही. ३+ कधी म्हणतात? दहा टक्क्यांहून जास्त गाठीच्या पेशींभोवती गडद आणि पूर्ण वेढा असेल तेव्हा. २+ म्हणजे वेढा पूर्ण आहे, दहा टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये आहे, पण फिका किंवा मध्यम आहे. अशा गाठींपैकी काहींमध्ये जनुकाच्या प्रती खरंच वाढलेल्या असतात, काहींमध्ये नसतात. प्रथिनाचा रंग बघून ते वेगळं करता येत नाही, म्हणून थेट जनुक मोजायचं. फिशमध्ये पेशीच्या केंद्रकात दोन रंगांचे ठिपके दिसतात, एक हर-टू जनुकाचा आणि दुसरा १७ व्या गुणसूत्राच्या मध्याचा. ते मोजून गुणोत्तर काढतात.

त्याच ब्लॉकवर फिश होते, आईला पुन्हा काही टोचायचं नाही. लॅबमधून ब्लॉक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ब्लॉक नंबर आणि मूळ रिपोर्टची प्रत सोबत द्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

स्लाइडबॉक्स

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिक रोडला. वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

हर-टूसाठी सगळ्या लॅब एकच अँटीबॉडी वापरत नाहीत. सशाची मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातली) ४बी५ खूप चालते. सशाचीच पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) ए०४८५ जुन्या किटपासून आहे. उंदराची सीबी११ ही पण जुनी. या तिन्ही रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला ओळखतात. एसपी३ मात्र बाहेरच्या भागाला. काही गाठींमध्ये हर-टूचा बाहेरचा भाग तुटून गेलेला असतो, पी९५ नावाचं बुटकं रूप उरतं. तिथे बाहेरची अँटीबॉडी कमी दाखवेल आणि आतली दाखवेल. म्हणून रिपोर्टवर क्लोनचं, म्हणजे नेमक्या अँटीबॉडीचं, नाव लिहिलेलं असावं, असा माझा आग्रह असतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक जुन्या रिपोर्टवर ते नसतं आणि मग दोन रिपोर्टची तुलनाच करता येत नाही.

दुसरं म्हणजे, २०२२ पासून १+ लाही अर्थ आला आहे. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध पसरलेल्या कॅन्सरमध्ये १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ गाठींवरही उपयोगी पडतं, असं त्या वर्षी डेस्टिनी-ब्रेस्ट०४ चाचणीत दिसलं. आता अडचण बघा. ही अँटीबॉडी चाचणी बनवली गेली ती ३+ वेगळे काढायला. ० आणि १+ मधला फरक म्हणजे अर्धवट, जेमतेम दिसणारी रेषा. ती बघायला ४० च्या लेन्सखाली जावं लागतं, आणि दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. मायक्रोटोम ताईंनी लिहिलेल्या मधल्या कंट्रोलचं महत्त्व त्यामुळे दुप्पट झालंय. आता तर १+ चा कंट्रोलही स्लाइडवर हवाच.

पोटाच्या कॅन्सरमध्येही हर-टू बघतात, पण तिथले नियम वेगळे. ग्रंथीच्या पेशींना आतल्या पोकळीकडच्या बाजूला रंग येत नाही, त्यामुळे वेढा इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. स्तनाचा नियम तिथे लावला तर बरेच पॉझिटिव्ह रुग्ण हुकतील.

गोदाकाठ

वाचतोय. निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहे. एक शंका. औषध ट्रास्टुझुमॅब हीसुद्धा अँटीबॉडी, तपासणीतलीही अँटीबॉडी. मग औषधच स्लाइडवर का लावत नाहीत? ज्याला ते चिकटेल त्याला ते लागू, इतकं सरळ व्हायला हवं ना?

मायक्रोटोम

सर, प्रश्न फार आवडला. औषध जिवंत पेशीवर काम करतं. तिला बाहेरून जेवढा भाग दिसतो तेवढाच उपलब्ध. ट्रास्टुझुमॅब हर-टूच्या बाहेरच्या भागातल्या चौथ्या खंडाला चिकटतं, पर्टुझुमॅब हे हर-टूवरचं दुसरं औषध दुसऱ्या खंडाला, म्हणून ती दोन्ही एकत्र देता येतात. स्लाइडवरची पेशी मेलेली, फॉर्मॅलिननं जखडलेली आणि मधून कापलेली असते. तिथे आतली शेपूटही उघडी पडते. फॉर्मॅलिननंतर कुठला एपिटोप टिकतो आणि कुठला उकळून परत मिळतो, यावर तपासणीची अँटीबॉडी निवडतात.

याच कारणानं एका कामाची अँटीबॉडी दुसऱ्या कामाला चालेलच असं नसतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (यात प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पट्टीवर पट्ट्यांच्या रूपात बघतात) प्रथिन उलगडून सरळ केलेलं असतं. तिथे सरळ साखळी ओळखणारी अँटीबॉडी चालते, घडीचा आकार ओळखणारी चालत नाही. फ्लो सायटोमेट्रीत (यात अँटीबॉडी लावलेल्या पेशी यंत्रातून एकेक करून मोजतात) पेशी अख्खी असते, तिथे बाहेरचा एपिटोपच हवा.

गोदाकाठ

समजलं. आमच्या वेळी पुस्तकात अँटीबॉडी म्हणजे नुसतं वाय आकाराचं चित्र होतं. ईजीएफची (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) गोष्ट मी वर्गात सांगायचो, इथे देतो. स्टॅन्ली कोहेन उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते. पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले, दातही लवकर आले. अर्कात त्वचेची वाढ घडवणारं काहीतरी आहे हे त्यावरून कळलं, तेच ईजीएफ. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून मिळालं. पुढे त्या रेणूचा रिसेप्टर म्हणजे हा ईजीएफआर. मुलांना हे सांगितलं की पुढचा तास लक्ष देऊन ऐकायची.

पेशीवेडी

मी बायोटेक एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशकातच. प्रोजेक्टमध्ये ईजीएफआरचा वेस्टर्न ब्लॉट करतेय. ए४३१ आणि एमसीएफ-७ या लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या संग्रहातून आणल्या. ए४३१ मध्ये १७० केडीएला (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक; ईजीएफआरचं वजन एवढंच) जाड पट्टा येतो. एमसीएफ-७ मध्ये १७० ला काहीच नाही, पण ७० च्या आसपास ठसठशीत पट्टा येतो. गाईड म्हणतात हा ईजीएफआरचा तुटलेला तुकडा असावा, तसं लिहून टाक. माझं मन मानत नाही. काय करू?

स्लाइडबॉक्स

मन मानत नसेल तर लिहू नकोस. आधी तपासून बघ. ए४३१ मध्ये पेशीमागे दहा लाखांहून जास्त ईजीएफआर असतात, म्हणून तो पॉझिटिव्ह कंट्रोल. एमसीएफ-७ मध्ये मुळातच फार कमी, त्यामुळे १७० ला काही न दिसणं अपेक्षित आहे. रिसेप्टर तुटत असता तर ज्या पेशीत तो भरपूर आहे तिथे तुकडे जास्त दिसले असते. ए४३१ मध्ये ७० चा पट्टा आहे का?

एक जुनं उदाहरण सांगतो. एरिथ्रोपोएटिन या रक्तपेशी वाढवणाऱ्या घटकाच्या रिसेप्टरसाठी सी-२० नावाची अँटीबॉडी खूप ठिकाणी वापरली जात होती. तिच्या जोरावर अनेक प्रकारच्या गाठींत तो रिसेप्टर सापडल्याचे निबंध आले. २००६ मध्ये दाखवलं गेलं की ती अँटीबॉडी एचएसपी७० या उष्मा-प्रथिनालाही चिकटते, आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. रिसेप्टर साधारण ५९ केडीएचा, पट्टा ६६ च्या आसपास, तरी लोकांनी तो रिसेप्टर म्हणून वाचला. कॅन्सरच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन द्यावं की नाही, या वादात त्या चुकीच्या रंगांचा भार पडला. तुझा ७० चा पट्टा एचएसपी७० च आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या वजनाला प्रथिन असायला हवं तिथे ते नाही आणि दुसरीकडे काहीतरी आहे, तेव्हा आधी अँटीबॉडीवर संशय घ्यायचा, प्रथिनावर नंतर.

मायक्रोटोम

सरांना अनुमोदन. पेशीवेडी, पहिली गोष्ट फुकटात होते : एका पट्टीवर पहिली अँटीबॉडी लावूच नकोस, फक्त दुसरी लाव. ७० चा पट्टा तरीही आला तर ईजीएफआरचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं, ज्या पेशींमध्ये ईजीएफआर नसतोच अशा पेशींचा अर्क शेजारी चालव. चिनी हॅमस्टरच्या सीएचओ पेशी यासाठी चांगल्या, अनेक बायोटेक विभागांत त्या सापडतात. तिसरं, कुणाकडून तरी वेगळ्या एपिटोपची ईजीएफआर अँटीबॉडी थेंबभर माग. दोन वेगळ्या अँटीबॉडी एकाच वजनाला पट्टा दाखवत असतील तर विश्वास वाढतो. जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या तर त्याहून चांगला पुरावा नाही, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला तो खर्च परवडत नाही.

आणि मोठं प्रथिन आहे म्हणून जेल ७.५ किंवा ८ टक्क्यांचं घे, ट्रान्सफरला घाई करू नकोस, थंडीत रात्रभर चालू दे. पेरॉक्सिडेजवाल्या दुसऱ्या अँटीबॉडीत सोडियम अझाइड कधी घालायचं नाही, ते एन्झाइम बंद पाडतं.

पेशीवेडी

खूप धन्यवाद ताई आणि सर. ए४३१ मध्येही ७० चा पट्टा आहे, पण १७० च्या मानानं फिका, म्हणून लक्ष गेलं नव्हतं. फक्त दुसरी अँटीबॉडी लावून बघते आणि इथे लिहिते. अजून एक, फॉस्फो-ईजीएफआरची (फॉस्फेट चढलेला ईजीएफआर ओळखणारी) अँटीबॉडी, टायरोसिन १०६८ वाली, लावली तर पूर्ण पट्टी काळी होते. ब्लॉकिंग (पट्टीवरच्या रिकाम्या जागा आधी झाकणं) दुधानं करते.

मायक्रोटोम

दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन आहे. फॉस्फो अँटीबॉडीला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापर. आणि पेशींना आधी काही तास सीरमशिवाय ठेव, मग पाचेक मिनिटं ईजीएफ दे. न दिलेल्या पेशी शेजारी ठेव. ईजीएफ दिल्यावर पट्टा वाढला नाही तर ती अँटीबॉडी फॉस्फेट बघतच नाहीये.

अंबडकर

मी अंबड एमआयडीसीजवळ शीतसाखळीच्या मालाचं काम बघतो, डायग्नोस्टिक्सचा मालही येतो. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो तेव्हा पार्सल गोदामात शनिवार-रविवार अडकलं की बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी होतं. लॅबवाल्यांना हात जोडून सांगतो, ऑर्डर अशी द्या की माल मंगळवार-बुधवारी पोचेल. आणि खोका उघडताना तापमान बघा, नोंद करा. सही करून फ्रीजमध्ये ढकलून दिला की नंतर कुणालाच काही सांगता येत नाही. माझा प्रश्न : गरम झालेली अँटीबॉडी फेकूनच द्यायची का? एकेक व्हायल हजारोंची असते.

मायक्रोटोम

दादा, तुमच्यासारखा विचार करणारा माणूस त्या टोकाला असला की आमचं काम सोपं होतं. लगेच फेकायची नाही आणि लगेच वापरायचीही नाही. द्रव अँटीबॉडी थोडा वेळ खोलीच्या तापमानाला टिकतात, पण उन्हाळी गोदामाची खात्री कोण देणार? नवा माल आला की जुन्या लॉटसोबत शेजारी-शेजारी लावायचा, त्याच ब्लॉकवर, ३+, मधला आणि निगेटिव्ह तिन्हीवर. मधला फिका पडला तर माल परत. नव्या लॉटसाठी हे करायचंच असतं, पार्सल थंड आलं तरी. अति गोठणंही वाईट. तयार अँटीबॉडी २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर छोट्या कुप्यांत वाटून, परत परत वितळवायची नाही.

पॉलिक्लोनलमध्ये लॉटचा फरक जास्त असतो, कारण ससा बदलला की मिश्रण बदलतं. मोनोक्लोनल एकाच पेशीच्या वंशातून येते. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये ती पद्धत काढली आणि १९८४ चं नोबेल मिळवलं. आता रिकॉम्बिनंट अँटीबॉडी मिळतात, त्यांचा जनुकीय क्रमच माहीत असतो. जमेल तिथे त्या घ्याव्यात. डेन्मार्कची नॉर्डिक्यूसी संस्था वेगवेगळ्या लॅबच्या स्लाइड तपासून कुठला क्लोन कुठल्या पद्धतीनं चांगला येतो, ते आपल्या संकेतस्थळावर खुलं ठेवते. खरेदीआधी मी ते बघतेच.

जुनं_नाशिक

थोडा वेगळा प्रश्न. काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी सांगितलं की ईजीएफआरची अँटीबॉडी टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर गोळ्यांवर भागतं. स्वस्त पडते म्हणे. हे खरं का?

स्लाइडबॉक्स

इथे गफलत होते, म्हणून सविस्तर लिहितो. ईजीएफआर किती आहे हे दाखवणारी साधी अँटीबॉडी आणि ईजीएफआरमध्ये बदल आहे का हे दाखवणारी तपासणी, या दोन वेगळ्या गोष्टी. फुप्फुसाच्या गाठीत ईजीएफआर भरपूर असला म्हणून गेफिटिनिबसारख्या गोळ्या लागू पडतात असं नाही. जनुकात ठरावीक बदल असेल तर त्या लागू पडतात, हे २००४ मध्ये कळलं. एक्झॉन (जनुकाचा एक भाग) १९ मधला तुकडा गळणं किंवा एक्झॉन २१ मधला एल८५८आर (एका जागचं अमिनो आम्ल बदलणं), हे मुख्य दोन. भारतीय रुग्णांत असे बदल पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतात, त्यामुळे तपासणी नक्की करा, पण पीसीआर किंवा एनजीएस या थेट जनुक तपासणाऱ्या पद्धतींनी.

नेमका बदललेला ईजीएफआर ओळखणाऱ्या अँटीबॉडीही आहेत. एल८५८आरसाठी एक, एक्झॉन १९ च्या नेहमीच्या १५ बेसच्या गळतीसाठी एक. पॉझिटिव्ह आली तर बऱ्यापैकी भरवसा. पण एक्झॉन १९ मध्ये गळतीचे इतर प्रकारही असतात आणि ते ती अँटीबॉडी हुकवू शकते. निगेटिव्ह आली म्हणून बदल नाही असं म्हणता येत नाही. तुकडा इतका छोटा असेल की जनुक तपासणीला पुरणार नाही, तेव्हा तिचा विचार करतात. काकांचा ब्लॉक आधी साध्या अँटीबॉडीवर खर्च करू नका. फुप्फुसाच्या सुईच्या बायोप्सीत मिलिमीटरभर माल असतो, एकेक काप मोलाचा असतो. डॉक्टरांना आधीच सांगा की जनुक तपासणीसाठी काप राखून ठेवा.

जुनं_नाशिक

सर, मोठी चूक होता होता वाचली. उद्याच बोलतो त्यांच्याशी.

पेशीवेडी

निकाल आला. पहिली अँटीबॉडी न लावलेल्या पट्टीवरही ७० चा पट्टा तस्साच. म्हणजे तो दुसऱ्या अँटीबॉडीचा. गाईडना दाखवलं, ते म्हणाले प्रोजेक्टमध्ये दोन्ही पट्ट्या शेजारी छाप. आता वेगळ्या कंपनीची दुसरी अँटीबॉडी मागवलीय आणि सीएचओ पेशी एका सिनियरकडून मिळतायत.

स्लाइडबॉक्स

शाब्बास. छापताना पट्टी वरपासून खालपर्यंत पूर्ण छाप, १७० च्या आसपासचा कापलेला तुकडा नको. वजनाच्या खुणाही ठेव. वाचणाऱ्याला ७० चा पट्टा दिसला पाहिजे आणि तो का सोडला तेही.

निफाडकर

ताई, ब्लॉक मिळाला, फिशला दिला. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळही विचारली. नोंद नव्हती, पण सिस्टरनं आठवून सांगितलं, ऑपरेशन थिएटरमध्येच बरणीत टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला गेलं. रिपोर्ट आला की काय बघायचं?

मायक्रोटोम

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणजे वेळेच्या हिशोबात उत्तम. सिस्टरनं सांगितलेलं फिशच्या लॅबला कळवा, त्यांना उपयोग होतो.

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघा : हर-टू आणि १७ व्या गुणसूत्राच्या मध्याचं गुणोत्तर, आणि पेशीमागे हर-टूच्या सरासरी प्रती. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि प्रती ४ किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. दोन्ही त्याखाली असतील तर निगेटिव्ह. एक वर, एक खाली असं आलं तर घाबरू नका. तेव्हा पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पुन्हा बघून, जास्त पेशी मोजून निर्णय देतात. किती पेशी मोजल्या तेही लिहिलेलं असतं, निदान वीस हव्यात. पॉझिटिव्ह आलं तर खर्चाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. भारतात २०१४ पासून ट्रास्टुझुमॅबची इथे बनलेली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीची औषधं) मिळतात.

आणि फिश झाल्यावर ब्लॉक परत घ्यायला विसरू नका. तो लॅबच्या कपाटात नाही, आईच्या फाइलसोबत राहू द्या. उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा.